आधी भिंत, मग माफी

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. आधी तुझ्या नव्या गुडघ्याला, मग तुला. डोंगरावरची हवा दोघांनाही मानवत असेल. दोन निवृत्त नर्स एका घरात म्हणजे दिवसभर एकमेकींचं ब्लड प्रेशर बघणं चालू असणार. तुझ्या मैत्रिणीलाही नमस्कार सांग.

इकडे घर एकदम नीट आहे. रोज झाडतो. कधी कधी दिवसातून तीन-चारदा झाडतो, कारण अलीकडे धूळ फार येते. तुझी सगळी भांडी घासून ठेवली आहेत, कपाटात वरती होती तीसुद्धा. तू म्हणशील, याला झालंय काय. काही नाही, सहज.

थिएटरमध्ये काम जोरात आहे. नव्या नाटकात तिसऱ्या अंकाला एक भिंत कोसळते, ती बनवायची जबाबदारी माझ्यावर आहे. त्यामुळे डोक्यात सतत भिंती. त्यातूनच एक विचार आला. तू परत येशील तेव्हा हातात वॉकर असणार. आमच्या नाटकाच्या सामानात एक जुना वॉकर होता, तो आणून मी तुझ्या स्वयंपाकघरात चालून पाहिलं. आत जाता येतं. वळता येत नाही. ओट्यापासून दारापर्यंत मला उलटं यावं लागलं, गाडी रिव्हर्स घेतात तसं, आणि तरी फ्रिजला धडकलो.

तर समजा, नुसतं समजा, कुणी स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांच्यामधली भिंत काढली, तर तुला आरामात वळता येईल. तुझी परवानगी असेल तरच. घाई काहीच नाही.

तुझा,
धडपड्या

ता. क. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं, तर कोठीची खोली डाव्या हाताला येते की उजव्या?


७ फेब्रुवारी

चि. धडपड्या,

आशीर्वाद आहेत, पण ते या पत्राच्या शेवटापर्यंत टिकतील असं समजू नकोस.

फोन केला नाही, कारण फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात तू नुसतं ‘हो आत्या, हो आत्या’ करतोस. कागदावर माणूस सापडतो.

परवानगी नाही. भिंतीला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. मी सबंध नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. तिथे माणसाचं पोट फाडायच्या आधी सही घेतात. फाडून झाल्यावर ‘जरा उघडलं होतं, राग नाही ना आला’ असं कुणी विचारत नाही. तुझ्या थिएटरमध्ये भिंत पडली की टाळ्या पडतात, म्हणून सगळीकडे पडतील असं नाही.

तू लहानपणापासून असाच. आधी करायचं आणि मग तोंड बारीक करून उभं राहायचं. तोंड बारीक करायला तुला चांगलं जमतं, म्हणून तुझं फावलं.

कोठीची खोली डाव्या हाताला. तिचं दार पॅसेजमधून आहे आणि तुला ते दोन महिन्यांत दिसलं नसेल तर तुझ्या डोळ्यांचं बघायला हवं. उजव्या हाताच्या भिंतीपलीकडे शेजारच्या चष्मेवाल्यांचं स्वयंपाकघर आहे. ज्यांच्याशी मी नऊ वर्षं बोलत नाही, तेच. माझी मोगऱ्याची वेल गॅलरीतून त्यांच्या खिडकीपर्यंत गेली, तर त्यांनी मला न विचारता बुडापासून छाटली. मी नाइट ड्यूटीवरून येते तर वेल जमिनीवर. वर म्हणतात, “सॉरी, आज सांगणारच होतो.” मी म्हटलं, “तुमची माफी तुमच्याकडेच ठेवा.” तेव्हापासून आमचा जय हरी.

तू डावं-उजवं कशाला विचारतोस?

आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र ओट्यापाशी उभं राहून वाचलं. ‘उजव्या हाताच्या’ इथपर्यंत आलो आणि खालीच बसलो.

मी पत्र टाकलं तेव्हा भिंत पडलेली होती. सगळी नाही. दाराएवढी. तू म्हणशील आधी का नाही विचारलं. आत्या, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला पाडता आली नसती. मला वाटलं, तू येशील, स्वयंपाकघरात ऐटीत वळशील, खूश होशील आणि मग मी माफी मागेन. माफी मागायला मी तयारच होतो. फक्त भिंत चुकली.

पहिला घाव घातला तेव्हा वाटलं, कोठीत फडताळ आहे वाटतं, कारण पलीकडे काहीतरी पडलं. भोक मोठं केल्यावर दिसलं की आत्याच्या कोठीत गॅसची शेगडी आहे, बेसिन आहे आणि डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आहे. म्हटलं, आत्याला काय काय साठवायची सवय आहे. तक्त्यावरची खालची ओळ वाचत होतो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

घाबरू नकोस. चष्मेवाले काका त्यांच्या भावाकडे गेले होते. मी पलीकडे जाऊन सगळं झाडलं, पुसलं. त्यांचं फडताळ मोडलं होतं, पण त्यावरच्या बरण्या शाबूत होत्या, त्या टेबलावर मांडल्या. आणि मग, आत्या, मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. लाकडी चौकट केली, कापड ताणलं आणि हुबेहूब त्यांची भिंत रंगवली. तोच मळका पिवळा रंग, त्याच टाइल्स, एका टाइलला तडासुद्धा. फडताळ रंगवलं, त्यावर तीन बरण्या रंगवल्या, साखर, चहा, मीठ. सावल्यांसकट. आमच्या दिग्दर्शकांनी बघितलं असतं तर पगार वाढवला असता.

काका परत आले आहेत आणि त्यांना काहीच कळलेलं नाही. घरात ते चष्मा काढून वावरतात. काल त्यांनी रंगवलेली साखरेची बरणी उचलायचा प्रयत्न केला. मी आमच्या बाजूला श्वास रोखून उभा होतो. दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, “घट्ट बसलीये.” मग टेबलावरची घेतली. त्यानंतर मला शिंक आली, कापडाच्या इतक्या जवळ की अख्खी भिंत हलली. काका भिंतीकडे बघून म्हणाले, “काळजी घ्या.” एकटा माणूस आहे, काहीही बोलतो बिचारा.

आता पुढे काय करू ते सांग. तू सांगशील तसंच करीन.

तुझा,
धडपड्या


१५ फेब्रुवारी

धडपड्या,

चि. लिहायची इच्छा झाली नाही.

तुझं पत्र वाचून माझं ब्लड प्रेशर इतकं वाढलं की मैत्रीण यंत्र बिघडलं समजून दुसरं घेऊन आली. मग तिने पत्र वाचलं आणि ती हसत सुटली. सावल्यांपर्यंत आली आणि तिला उचकी लागली. अजून अधूनमधून लागते.

‘विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.’ अरे, समोरचा नाही म्हणेल म्हणूनच तर विचारायचं असतं. हो म्हणणाऱ्याला कशाला विचारायला हवं?

आता नीट ऐक. खरं तर मी तुला कान धरून त्यांच्या दारात उभं करायला हवं. गेले दोन दिवस मी तसंच पत्र लिहितेय आणि फाडतेय. कारण तू माफी मागितलीस की ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. ‘तुमच्याकडेच ठेवा’ म्हणतील. माझेच शब्द, माझ्याच घराला. आणि ते मला या गुडघ्यासकट सोसायचं नाही.

म्हणून गवंडी बोलाव. ते दुकानात गेले की विटा लावून घे, त्यांच्या बाजूने पिवळा रंग मार, फडताळ खरं लाव, त्यावर त्यांच्या बरण्या ठेव. आणि सांगू नकोस. मी आजवर कुणाला ‘सांगू नकोस’ म्हटलेलं नाही. एकदा डॉक्टर पेशंटच्या पोटात कात्री विसरले होते, तेव्हाही मी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. पण ती कात्री माझ्या भाच्याची नव्हती.

आत्या


२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बसून वाच. गुडघा वर ठेव.

गवंडी आला. भिंत बघून म्हणाला, नुसती आडोशाची भिंत आहे, वरचा मजला काही खाली येत नाही. मला हायसं वाटलं. मग त्याने रंगवलेली भिंत बघितली, साखरेच्या बरणीवरून बोट फिरवलं, म्हणाला, “हे कुणी केलं?” मी म्हटलं, “मी.” म्हणाला, “छान आहे.” आणि मग म्हणाला, “पलीकडच्यांना विचारलंय ना?” मी चहाचं आधण ठेवायला वळलो. त्याने थापी पिशवीत टाकली. म्हणाला, “दोन्ही घरांनी हो म्हटल्याशिवाय मी मधल्या भिंतीला हात लावत नाही. मागे एकदा लावला होता, तर दोघांनी मिळून मला हाणला.” आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

म्हणून मी ठरवलं की काकांना सांगून टाकायचं. तुझं ऐकलं नाही, ते खरं. पण विटा कोण लावणार? मला फक्त कापडाच्या भिंती येतात.

संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून माफीची तालीम करत होतो. पहिल्या प्रकारात मी गंभीर होतो, दुसऱ्यात रडवेला. तिसऱ्यात जरा नाट्य आणायला म्हणून हात पसरून पुढे झुकलो आणि चौकटीचा खिळा निसटला. आत्या, मी भिंतीसकट काकांच्या स्वयंपाकघरात गेलो. पालथा. काका टेबलाशी सूप पीत बसले होते. भिंत त्यांच्या पायापासून वीतभर अलीकडे पडली आणि मी तिच्यावर, अगदी बरण्यांवर.

काकांनी चमचा खाली ठेवला. डोळ्यांवर चष्मा चढवला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बस. मीठ जास्त झालंय, पण गरम आहे.”

मी जमिनीवरूनच माफी मागितली. तिन्ही प्रकार एकत्र झाले. मी उठेपर्यंत त्यांनी मला वाडगा भरून दिला. मग म्हणाले, “तुझी माफी मला नको.” मी वाडगा खाली ठेवला. म्हणाले, “तू चांगला मुलगा आहेस. पण भिंत तुझ्या आत्याच्या घराची आहे. मागायची तर त्यांनी मागावी. लेखी.”

आणि मी म्हटलं, “हो, लिहील की.”

म्हणजे तुला न विचारताच म्हणून टाकलं. तोंडातून निघून गेलं, सूप गरम होतं. त्याबद्दल मी आत्ताच माफी मागतो. पण आत्या, लिही. ते वाट बघतायत असं वाटतं. आज त्यांनी दोनदा पोस्टमनबद्दल विचारलं.

तुझा,
धडपड्या


२७ फेब्रुवारी

महोदय,

माझ्या भाच्याने आपली भिंत पाडली. तो मनाने वाईट नाही, त्याचे हात त्याच्या डोक्याच्या पुढे चालतात एवढंच. मला वॉकर घेऊन वळता यावं म्हणून त्याने हे केलं. एवढं सांगून भिंत परत उभी राहत नाही हे मला समजतं.

आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मला वाईट वाटतं. वेलीबद्दलही अजून वाटतं, पण तो विषय वेगळा.

वरचं वाक्य खोडणार होते. मैत्रीण म्हणाली राहू दे, नाहीतर त्यांना वाटेल दुसऱ्याच कुणी लिहिलं.

मी माफी मागते. नऊ वर्षांपूर्वी मी आपली माफी परत केली होती. तेव्हा दारात उभं राहून ती मागायला आपल्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी परवा पहिल्यांदा केला. आपण माझी परत केलीत तर माझी तक्रार नाही.

आपली,
शेजारीण


३ मार्च

सिस्टर,

नमस्कार. इमारतीत सगळे तुम्हाला अजून सिस्टरच म्हणतात, म्हणून मीही.

माफी मिळाली. ठेवून घेतली. मागे तुम्ही माझी परत केली होती, ती माझ्याकडे पडूनच आहे, ती पुन्हा पाठवतो. या वेळी ठेवून घ्या, दोन-दोन मला सांभाळता येत नाहीत. वेलीचं मी चुकलोच. मला वाटलं, विचारायला गेलो तर तुम्ही वेलीवर तासभर बोलाल. न विचारल्याने नऊ वर्षं बोलला नाहीत. हिशेब चुकला.

आता भिंतीचं. तुमच्या भाच्याला वाटतं की मला काही कळलं नव्हतं. मी आल्या दिवशीच ओळखलं. अहो, मी चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलं. मला लांबचं कमी दिसतं, पण समोरची बरणी खरी की खोटी इतपत दिसतं. आणि माझ्या स्वयंपाकघरात इतकी स्वच्छता मी बायको गेल्यापासून पाहिलेली नव्हती. जाब विचारायला बाहेर पडणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी श्वास रोखल्याचा आवाज आला. म्हटलं, बघू या किती वेळ रोखतो. बरणी ओढली ती त्याच्यासाठीच. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो, पण भिंतीला शिंक येते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर मी रोज भिंतीशी बोलायला लागलो. “आज पाऊस येणार वाटतं,” म्हणायचं. “सूपला आणखी एक उकळी हवी का,” म्हणायचं. एकदा पलीकडून चक्क “हो” आलं. गेल्या कित्येक वर्षांत माझं रात्रीचं जेवण इतकं मजेत झालं नव्हतं. म्हणून मी गप्प राहिलो. हा माझा अपराध.

दुसराही आहे. भिंत पडल्यापासून मी तुमच्या ओट्यावर स्वयंपाक करतो. तुमची शेगडी माझ्या शेगडीपेक्षा चांगली पेटते. तुमचं मोठं पातेलं वापरतो. टेबल खिडकीशी सरकवलं, तिथे उजेड बरा येतो. यातलं काहीच विचारून केलेलं नाही, तेव्हा हे सगळं माफीत धरा.

एक गोष्ट मात्र आधी विचारतो. विटा परत लावू नयेत, तिथे दार बसवावं असं मला वाटतं. दाराच्या जागेत तुमचा वॉकर वळेल. मी तुमच्या भाच्याला वॉकर घेऊन चालायला लावलं आणि पाहिलं. माझं बेसिन मी पलीकडच्या कोपऱ्यात नेईन. कडी तुमच्या बाजूला असावी. तुम्ही नाही म्हणालात तर गवंड्याला सांगतो, तो माझं ऐकेल. मी त्याला वाचायचा चष्मा करून दिलाय.

उत्तराची वाट पाहतो.

चष्मेवाला


२४ मार्च

चि. धडपड्या,

अनेक आशीर्वाद. तुमच्या नाटकाचा दौरा कसा चाललाय? तुझी भिंत रोज वेळेवर पडते ना, आणि ठरलेल्या बाजूला?

चष्मेवाल्यांना उत्तर लिहायला बसले होते. तीन कागद वाया गेले. मैत्रीण म्हणाली, “तू एवढ्या वेळात पोचली असतीस.” तेही खरंच. तिला उचकीसकट डोंगरावर सोडून मी गाडीत बसले. कुणाला कळवलं नाही. हे तुझ्या वळणावर गेल्यासारखं झालं, पण तू इथे नव्हतास म्हणून चालून गेलं.

कुलूप उघडलं तर घरात कांदा परतल्याचा वास. स्वयंपाकघरात गेले तर चष्मेवाले माझा अॅप्रन बांधून माझ्या ओट्याशी उभे. मला बघून त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. मी वॉकर घेऊन ओट्यापर्यंत गेले आणि वळले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग परत एकदा, उगीचच. धडपड्या, कुठेही अडलं नाही रे. मला जरा भरून आलं. कांद्याचं निमित्त होतं, ते बरं झालं.

“दाराचं काय ठरवलंत?” ते म्हणाले.

“कांदा लागतोय,” मी म्हटलं.

त्यांना उत्तर समजलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सुतार आला.

आणि सुतारापाठोपाठ इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांना कुठूनतरी कुणकुण लागली होती. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “भिंत कुणी पाडली?” मी म्हटलं, “भाच्याने.” “कुणाच्या परवानगीने?” माझ्या डोळ्यांसमोर तुझं ते बारीक केलेलं तोंड आलं. पाच वर्षांचा होतास तेव्हापासूनचं. त्यांनी तुला दंड केला असता, वर इमारतीत राहायला बंदी केली असती. ते करतात.

“माझ्या,” मी म्हटलं.

“केव्हा दिलीत?”

“पाडायच्या आधी. आधीच देतात ना परवानगी?”

अगदी शांतपणे बोलले. थिएटरमध्ये रक्त बघून जसा चेहरा ठेवायचे, तसा ठेवला. सेक्रेटरी चष्मेवाल्यांकडे वळले. “आणि तुम्ही?”

“मीही तेव्हाच दिली,” चष्मेवाले म्हणाले.

“तुम्ही तर भावाकडे गेला होतात.”

“जाण्याआधी दिली. सिस्टरनी विचारलं, मी हो म्हटलं.”

सेक्रेटरींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. म्हणाले, “पण तुम्ही दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाही ना?”

मी कढईकडे पाहिलं, चष्मेवाल्यांनी तक्त्याकडे. सुतार तेवढा खिळे मोजत होता. शेवटी चष्मेवाल्यांनी विचारलं, “तुम्ही हल्ली वाचताना कागद असा लांब धरता का हो?” सेक्रेटरी म्हणाले, “हो, तुम्हाला कसं कळलं?” मग त्यांना तक्त्यासमोर उभं केलं. खालच्या तीन ओळी वाचता आल्या नाहीत. गुरुवारी दुकानात येतो म्हणून गेले. भिंतीचं पुन्हा नाव काढलं नाही.

ते गेल्यावर मला घाम फुटला. हातात पेन नसताना दिलेली ही माझी पहिली परवानगी, आणि तीही मागच्या तारखेची. मी खुर्चीत बसले. चष्मेवाले समोर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मग म्हणाले, “सिस्टर, मला खोटं बोलायला लावण्याआधी निदान विचारायचं होतंत.”

मी म्हटलं, “विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“बहुतेक.”

“म्हणून मग नंतर माफी मागणार होते.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, “मग मागा.”

मी म्हटलं, “जेवण झाल्यावर बघू.”

याला आता सहा दिवस झाले. ते रोज जेवायला येतात आणि रोज आठवण करून देतात. मी अजून मागितलेली नाही.

तुझी,
आत्या